राजनौकेचा आराखडा: नदीवरची विहारनौका कागदावर कशी उतरवावी

राजाच्या विहारनौकेचे चित्र काढायला किंवा तिची प्रतिकृती करायला बसलेला माणूस बहुधा आसनापासून सुरुवात करतो. आधी छत, मग खांब, मग नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, मोर किंवा मकर, आणि सगळे झाल्यावर उरलेल्या जागेत वल्हेकरी कोंबले जातात. अशी नौका कागदावर देखणी दिसते, पण ती पाण्यावर चालणार नाही हे कोणत्याही तांडेलाला पहिल्याच नजरेत कळते. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. वल्हेकऱ्यांना लागणारी जागा आधी मोजावी, सुकाणू धरणाऱ्याची नजर कुठून कुठे जाते ते त्यानंतर पाहावे, आणि या दोहोंतून जे उरेल ते राजाला द्यावे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. नेपथ्य करणारे, ऐतिहासिक पुस्तकांसाठी चित्रे काढणारे आणि हौसेने लाकडी प्रतिकृती घडवणारे यांना तो उपयोगी पडावा, म्हणून सगळी मापे मीटरमध्ये दिली आहेत. प्रतिकृतीसाठी १:५० हे प्रमाण सोयीचे पडते, कारण त्यात २२ मीटरची नौका ४४ सेंटिमीटरची होते आणि मेजावर मावते.

आधी नमुना ठरवावा

'राजनौका' या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू येतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की आराखडा बिघडतो. इजिप्तचा राजा टॉलेमी चौथा याने नाईलवर बांधलेली नौका सुमारे ९० मीटर लांब होती असे वर्णन ग्रीक लेखनात टिकून आहे. तिला दोन नाळा आणि दोन पिछाड्या होत्या, वर मजले होते, वीस मंचकांचे मोठे दालन होते, स्त्रियांसाठी वेगळे भोजनगृह होते, शिवाय देवालयही होते. तो तरंगता राजवाडा होता. त्याच्या उलट टोकाला थायलंडची सुफन्नहोंग ही नौका आहे. १९११ साली पाण्यात उतरलेली ही नौका ४६.१५ मीटर लांब असून तिची रुंदी अवघी ३.१७ मीटर आहे. तिच्यात राहण्याची सोय मुळीच नाही, मिरवणुकीपुरते आसन तेवढे आहे. या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभे राहायचे ते आधी ठरवावे लागते.

आपल्याकडच्या नमुन्यासाठी आधार शोधायचा तर तीन ठिकाणे पाहावीत. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावर एक राजनौका कोरलेली आहे. तिची नाळ पंख असलेल्या काल्पनिक प्राण्याची आणि पिछाडी माशाच्या शेपटीची आहे, मध्ये मंडप आहे आणि मंडपात रिकामे आसन आहे. एक सेवक छत्र धरून आहे, दुसऱ्याच्या हाती चवरी आहे आणि तिसरा मोठे वल्हे मारतो आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही एक विहारनौका आढळते. तिच्या दोन्ही टोकांना डोळे रंगवलेले आहेत, मध्ये खांबांवर पेललेले छत आहे, त्याच्या पुढे छत्री आहे आणि सुकाणू धरणारा शिडीसारख्या उंच बैठकीवर बसलेला आहे. त्या शिडीकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

तिसरा आधार लिखित आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात नौकांचे वर्गीकरण मंदिराच्या, म्हणजे नौकेवरच्या खोलीच्या, जागेवरून केले आहे. टोकापासून टोकापर्यंत खोल्या असलेली ती सर्वमंदिरा. राजकोश, घोडे आणि अंतःपुरातील स्त्रिया यांची ने-आण तिच्यातून करावी. मधोमध खोली असलेली ती मध्यमंदिरा. ती राजाच्या विहारासाठी आणि पावसाळ्यासाठी. नाळेकडे खोली असलेली ती अग्रमंदिरा. ती लांबच्या प्रवासाला आणि युद्धाला. आपल्याला हवी आहे ती यांतली मध्यमंदिरा. सांची, अजिंठा आणि हा ग्रंथ मंडपाच्या जागेबाबत एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, तेव्हा भारतीय विषयाच्या चित्रात मंडप पिछाडीला ढकलण्याचे कारण उरत नाही. दख्खनच्या नद्या खडकाळ आणि बहुतांशी पावसाळी असल्यामुळे अशी नौका भीमेवर किंवा नीरेवर दाखवू नये. गंगा, यमुना किंवा एखादा मोठा तलाव हेच तिचे योग्य पाणी.

लांबीचा हिशेब वल्ह्यांपासून

प्रत्येक वल्हेकऱ्याला पुढच्यापासून मागच्यापर्यंत साधारण १ मीटर जागा धरावी. यापेक्षा कमी जागा दिली तर वल्ह्याची मूठ पुढच्याच्या पाठीला लागते. आपल्या नमुन्यात २० वल्हेकरी, म्हणजे १० जोड्या घेऊ. त्यांना १० मीटर लागले. नाळेच्या निमुळत्या भागाला ४ मीटर, मंडपाला ५ मीटर आणि पिछाडीला ३ मीटर दिले की एकूण लांबी २२ मीटर होते. मंडप मध्ये असल्यामुळे वल्हेकऱ्यांचे दोन भाग पडतात. पुढे ६ जोड्या आणि मागे ४ जोड्या ठेवाव्यात. पुढे जास्त का, तर पिछाडीला सुकाणूची चौकी आणि तिच्यावरचा माणूस यांचे वजन येते, त्याचा तोल पुढे सांभाळावा लागतो.

इथेच आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चित्रकार सहसा विसरतात. खुंटीला अडकवलेले लांब वल्हे ओढणारा माणूस पिछाडीकडे तोंड करून बसतो. हातात मोकळे धरलेले आखूड वल्हे मारणारा माणूस पुढे तोंड करून बसतो. पहिली पद्धत घेतली तर पुढच्या भागातले बाराही जण प्रवासभर थेट राजाच्या तोंडाकडे पाहत राहतील. थेम्सवरच्या इंग्रजी राजनौकांमध्ये तसेच होते, कारण तिथे खोली पिछाडीला आणि सगळे वल्हेकरी तिच्या पुढे. सुफन्नहोंगवर मात्र ५० वल्हेकरी मोकळ्या वल्ह्यांनी, पुढे तोंड करून नौका चालवतात, त्यामुळे राजाच्या नजरेला नजर कोणाचीच भिडत नाही. मध्यमंदिरेसाठी ही दुसरी पद्धत सर्वार्थाने योग्य वाटते. तिला खुंट्याही लागत नाहीत, त्यामुळे नौकेचा काठ स्वच्छ राहतो आणि त्यावर नक्षीची सलग पट्टी काढता येते.

दोन भागांत विभागलेल्या वल्हेकऱ्यांचा ताल एकच राहावा लागतो. मंडपाच्या पडद्यांमुळे मागच्यांना पुढचे दिसत नाहीत. म्हणून ताल देणारा माणूस मंडपालगत, दोन्हीकडे आवाज पोहोचेल अशा जागी उभा करावा. थायलंडमध्ये यासाठी ताल धरणारा आणि नौकागीत गाणारा असे वेगळे लोक नौकेवर असतात.

रुंदी आणि खोली

'युक्तिकल्पतरु'मध्ये लांबट नौकांचे जे प्रमाण दिले आहे, ते सर्वत्र सारखे आहे: लांबीच्या एक अष्टमांश रुंदी आणि एक दशांश खोली. ३२ हात लांबीच्या दीर्घिकेची रुंदी म्हणूनच ४ हात येते. ही मापे समुद्रावरच्या वर्गातली आहेत, तरी २२ मीटरला यातून येणारी २.७५ मीटर रुंदी आपल्याला अगदी सोयीची आहे. खोली मात्र तिथल्यापेक्षा निम्म्याहून कमी, म्हणजे मध्यावर सुमारे १ मीटर ठेवावी, कारण नदीत वाळूचे पट्टे असतात आणि नौका पाण्यात फार बुडून चालत नाही. सुफन्नहोंगची खोली ९४ सेंटिमीटर असून ती पाण्यात केवळ ४१ सेंटिमीटर बुडते. आपणही ४० सेंटिमीटर धरू, म्हणजे पाण्यापासून काठ ६० सेंटिमीटर वर राहील.

एवढ्या बुडण्यात वजन पेलते का, ते कागदावर तपासून घ्यावे. निमुळती टोके वगळता पाण्याच्या रेषेवर नौका १८ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद धरली, तर १८ × २.४ × ०.४ याच्या (नौका तळाकडे निमुळती होत जाते म्हणून) निम्मे, म्हणजे सुमारे ८.६ घनमीटर पाणी बाजूला सरते. याचा अर्थ माणसे, मंडप आणि लाकूड मिळून साडेआठ टनांपर्यंत वजन चालेल. वल्हेकरी, दरबारी आणि सेवक मिळून ३३ माणसे धरली तर त्यांचे वजन सव्वादोन-अडीच टन होईल, तेव्हा उरलेल्या सहा टनांत नौका आणि मंडप बसवायचे. हा हिशेब केला की दगडी दिसणारे जाड खांब काढण्याचा मोह आपोआप आवरतो.

रुंदी कमी करून नौका अधिक डौलदार दाखवावी असे पुष्कळदा वाटते. त्याची किंमत कलण्यात मोजावी लागते. दरबारातली सहा माणसे नदीकाठावरचे काही पाहायला एकाच बाजूला सरकली, तर २.४ मीटर रुंदीवर नौका साधारण अडीच अंश कलेल. तेवढेच वजन ठेवून पाण्यावरची रुंदी २ मीटर केली, तर तीच सहा माणसे तिला सहा अंशांच्या आसपास कलवतील. रुंदी एक षष्ठांश कमी झाली आणि कल दुपटीच्या वर गेला. सुफन्नहोंगसारखी अरुंद नौका हे सहन करते, कारण तिच्यावर इकडून तिकडे फिरणारे कोणीच नसते. प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला असतो.

सुकाणू धरणाऱ्याची नजर

आराखड्यातला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. नौकेची बाजूची आकृती काढावी, सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यापासून मंडपाच्या छताच्या पुढच्या कडेला टेकणारी सरळ रेषा ओढावी आणि ती पाण्याला कुठे मिळते ते पाहावे. त्या बिंदूच्या अलीकडचे पाणी त्याला दिसत नाही.

समजा, छताचा माथा पाण्यापासून २.२५ मीटर उंच आहे आणि सुकाणू धरणाऱ्याचा डोळा २.५ मीटरवर आहे. मंडप पिछाडीला असता, तर तो मंडपाच्या मागे दीड मीटरवर उभा राहिला असता आणि छताची पुढची कड त्याच्यापासून साडेसहा मीटरवर आली असती. तेव्हाही नाळेपुढचे सुमारे ४५ मीटर पाणी त्याच्यापासून झाकलेले राहिले असते. मंडप मध्ये आणला की मागच्या चार जोड्यांमुळे तो आणखी चार मीटर मागे जातो, आणि झाकलेले पाणी एकदम ८५ मीटरच्या घरात पोहोचते. नदीत आडवी आलेली होडी, वाळूचे बेट किंवा वाहत आलेले झाड यांसाठी हे अंतर जीवघेणे आहे.

यावर तीन उपाय आहेत आणि जुन्या नौकांवर तिन्ही सापडतात. पहिला उपाय चौकी उंच करण्याचा. ती ३० सेंटिमीटरने उचलली की मध्यमंदिरेत झाकलेले पाणी ८५ वरून ३३ मीटरवर येते. अजिंठ्याच्या चित्रातली ती शिडीसारखी बैठक याच कारणासाठी असणार, असे हा हिशेब केल्यावर वाटू लागते. बंगालच्या बजऱ्यांवर, म्हणजे खोली असलेल्या प्रवासी नौकांवर, सुकाणू धरणारा थेट मागच्या उंच भागावर उभा राहत असे. दुसरा उपाय मंडप आरपार ठेवण्याचा. भिंतींऐवजी केवळ खांब आणि गुंडाळता येणारे पडदे असले, तर छताखालूनही नजर जाते. तिसरा उपाय नाळेवर इशारा देणारा माणूस उभा करण्याचा. त्याच्या हातात निशाण द्यावे, कारण तालाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. आपल्या आराखड्यात तिन्ही घ्यावेत. कोणाला बंद भिंतींची खोलीच हवी असेल, तर त्याने ती निमूटपणे पिछाडीला न्यावी. बंद खोली आणि मधली जागा या दोन गोष्टी एका नौकेवर नांदत नाहीत.

मंडपाच्या आत

मंडपाला लांबी ५ मीटर मिळाली, पण रुंदी पूर्ण २.७५ मीटर मिळत नाही. पुढच्या वल्हेकऱ्यांना मागे आणि मागच्यांना पुढे जाता यावे, दोर घेऊन पळता यावे, यासाठी दोन्ही काठांलगत अर्ध्या-अर्ध्या मीटरची वाट सोडावी लागते. राजाच्या वाट्याला १.७५ मीटर रुंदी येते. राजवाड्यातल्या दिवाणखान्याची सवय असलेल्या डोळ्याला ती फारच कमी वाटते, आणि म्हणूनच चित्रात ती हमखास फुगवली जाते.

लांबीचे तीन भाग करावेत. पुढचे १.२ मीटर उघडे ठेवावे. इथे चढण्याची जागा, छत्रधारी आणि चवरीवाले येतात. मधले २.६ मीटर बैठकीचे. मागचे १.२ मीटर पडद्याआड असावे, आणि तिथे हुजरे, पाण्याची झारी, पानाचे तबक, तस्त, जादा कपड्यांची पेटी ठेवावी. या मागच्या भागाला दोन्ही काठवाटांवर उघडणारी फट हवी, नाहीतर तस्त रिकामे करायला जाणारा हुजऱ्या राजासमोरून जाईल.

बैठकीच्या भागात आसन मागच्या बाजूला, पुढे तोंड करून आणि नौकेच्या कण्यावर अचूक मध्ये ठेवावे. एका बाजूला वीस सेंटिमीटर सरकलेले जड आसनही नौकेला कायमचा कल देते. खुर्चीवजा उंच सिंहासनापेक्षा चौरंग, गादी आणि लोड-तक्के बरे, कारण वजन खाली राहते. मात्र फारच खाली गेले तर राजाला समोर वल्हेकऱ्यांच्या पाठींखेरीज काही दिसणार नाही. त्यासाठी मंडपाची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा ३५ सेंटिमीटर वर उचलावी, तीवर ३० सेंटिमीटर उंचीचा चौरंग ठेवावा, म्हणजे मांडी घालून बसलेल्या राजाचा डोळा पाण्यापासून १.४ मीटरवर येतो आणि वल्हेकऱ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे जातो. याच उंचीमुळे नदीकाठावरच्या लोकांनाही तो छातीपासून वर दिसतो. मिरवणुकीच्या नौकेत ही दुसरी बाब पहिलीइतकीच मोलाची आहे. कठडा जमिनीपासून ३० सेंटिमीटरहून उंच करू नये, नाहीतर केवळ मुकुट दिसेल.

उभे राहण्याची एक जागाही राखावी. २०१२ साली थेम्सवरच्या हीरकमहोत्सवी सोहळ्यात राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांच्यासाठी नौकेवर दोन सिंहासने मांडली होती, आणि पाऊस-वारा असूनही ती दोघे बहुतेक वेळ उभीच राहिली. काठावर दुतर्फा माणसे असताना राजा बसून राहील, असे गृहीत धरता येत नाही. आसनापुढे एक मीटर मोकळी जागा, तिथे छताची उंची किमान १.९ मीटर आणि हाताशी येईल असा एक खांब एवढे पुरते. खांबाला त्या उंचीवर धातूची नक्षीदार कडी दाखवावी. चित्रात ती शोभेची दिसते, पण तिचे काम आधाराचे असते.

छत दुहेरी करावे. गिझाच्या पिरॅमिडजवळ १९५४ साली सापडलेल्या, इजिप्तचा राजा खुफू याच्या नौकेवर बंद खोली आहेच, पण तिच्या बाहेरून आणि वरून खांबांची एक वेगळी चौकट उभी आहे. तिच्यावर चटया किंवा कापड टाकून सावली करत असावेत, असे अभ्यासक मानतात. आपल्या उन्हाळ्यालाही हाच उपाय लागू पडतो. आतले छत लाकडी, त्याच्यावर १५ सेंटिमीटर हवा खेळेल एवढी फट आणि वर ताणलेले कापड. बाजूंना वाळ्याचे पडदे सोडले आणि त्यांच्यावर नदीचेच पाणी शिंपडले, तर आतला उकाडा बराच उतरतो. वाळा ओला झाला की जड होतो, हे मात्र वजनाच्या हिशेबात धरावे.

पडद्यांची रचना बारकाईने दाखवण्यासारखी आहे. मोकळा सोडलेला पडदा वाऱ्यात फडफडतो आणि पूर्ण बंद केला तर नौकेला शिडासारखा ओढतो. ५ मीटर लांब आणि दीड मीटर उंच बाजू म्हणजे साडेसात चौरस मीटर कापड झाले. सुकाणू कितीही चांगले असले, तरी आडव्या वाऱ्यात एवढी बाजू नौकेला काठाकडे रेटणारच. म्हणून प्रत्येक दोन खांबांमध्ये स्वतंत्र पडदा असावा. त्याच्या खालच्या कडेत बोटाएवढी बांबूची काठी शिवलेली असावी, वरच्या आडव्या दांड्याला दोन नाड्या असाव्यात आणि पडदा खालून वर गुंडाळून त्या नाड्यांनी बांधता यावा. खाली सोडल्यावर काठीची दोन टोके खांबांवरच्या फाशांत अडकवायची. स्त्रिया बरोबर असतील तर मागच्या निम्म्या भागात कापडाऐवजी चिकाचे, म्हणजे बारीक कामट्यांचे, पडदे द्यावेत. त्यांतून आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही, आणि वाराही काही प्रमाणात आरपार जातो.

जमिनीवर अखंड गालिचा अंथरू नये. लाकडी नौकेच्या तळात थोडे पाणी साचतेच, ते उपसण्यासाठी मंडपाच्या मागच्या भागात दोन फळ्या सुट्या ठेवाव्या लागतात. गालिचा दोन तुकड्यांत असावा आणि मागचा तुकडा सहज उचलता यावा. प्रतिकृतीत या सुट्या फळ्यांना बोट घालण्यापुरती भोके दाखवली, तर पाहणाऱ्या जाणकाराची मान डोलल्याशिवाय राहणार नाही.

नौकेवर काय ठेवू नये

स्वयंपाक, वादकांचा ताफा आणि सामान ही तिन्ही दुसऱ्या नौकांवर असावीत. १७ जुलै १७१७ रोजी इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज थेम्सवर विहाराला निघाला तेव्हा हँडेल या संगीतकाराचे संगीत वाजवणारे सुमारे ५० वादक वेगळ्या नौकेत बसले होते. पन्नास माणसांचे वजन तर होतेच, शिवाय इतक्या जवळून वाजणारे संगीत ऐकण्यापेक्षा पाण्यावरून येणारे ऐकणे कानाला सुखाचे. ज्याला राजनौकेवरच मोठा लवाजमा दाखवायचा आहे, त्याने दोन मजली नौका घ्यावी. व्हेनिसच्या शेवटच्या बुचिंतोरो या समारंभी नौकेवर खालच्या मजल्यावर ४२ वल्ह्यांना १६८ माणसे लागत आणि वरच्या मजल्यावर दरबार भरे. तेवढ्या उंचीची आणि वजनाची नौका शांत पाण्यापलीकडे कुठेच नेता येत नसे.

नाळ, रंग आणि सोने

नाळेचे शिल्प शेवटी बसवावे आणि हलके ठेवावे, कारण ते नौकेच्या अगदी टोकाला असते. 'युक्तिकल्पतरु'त सिंह, महिष, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक आणि माणूस अशा मुखांचा उल्लेख आहे, तेव्हा प्रत्येक वेळी मोरच काढण्याची गरज नाही. रंगांचाही नियम तिथे सापडतो. चार डोलकाठ्यांची नौका पांढरी, तीनची तांबडी, दोनची पिवळी आणि एकीची निळी. सजावटीसाठी सोने, चांदी, तांबे आणि तिन्हींचे मिश्रण सांगितले आहे. आपल्या नौकेला एक डोलकाठी असेल तर निळ्या अंगावर तांब्या-सोन्याची नक्षी उठून दिसेल. सुफन्नहोंगच्या हंसमुखातून स्फटिकाच्या गोळ्याचा झुबका लोंबतो. नौका प्रत्येक वल्ह्यासरशी थोडी पुढे झेपावते तसा तो झुलतो, म्हणून अशी एखादी लोंबती वस्तू चित्रातसुद्धा गती दाखवते.

सोने कुठे लावायचे, हे ग्रीनिचच्या नाविक संग्रहालयातल्या प्रिन्स फ्रेडरिकच्या नौकेकडून शिकण्यासारखे आहे. १७३२ ची ही ६३ फुटी नौका विल्यम केंट या वास्तुकाराने आखली, जॉन हॉल या नौकाकाराने बांधली, जेम्स रिचर्ड्‌सने कोरली आणि पॉल पेटिटने सोन्याने मढवली. कामाची ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वास्तुकाराच्या हाती सजावट होती तरी पाण्याखालचा भाग नौका बांधणाऱ्याच्याच हाती राहिला. तिच्यावर मत्स्यकन्या, डॉल्फिन, शिंपले असे जलचर कोरलेले आहेत. ते जवळच्या दुसऱ्या होडीतून आणि काठावरून दिसावेत अशाच उंचीवर आहेत. आपणही काठाची पट्टी, मंडपाची वरची कड, नाळ आणि पिछाडी एवढ्याच जागा सोन्यासाठी राखाव्यात. वल्ह्यांचे पाणी उडते तिथे सोन्याचा वर्ख टिकत नाही आणि चित्रात तिथे केलेला लखलखाट खोटा वाटतो.

घाट आणि चढण्याची जागा

पुढच्या वल्हेकऱ्यांची शेवटची जोडी आणि मंडप यांच्यामध्ये किमान ६० सेंटिमीटर मोकळे सोडावे. तेवढी जागा मंडपाच्या पुढच्या उघड्या भागातूनच घ्यावी लागेल. राजा तिथून चढतो. नाळेकडून किंवा पिछाडीकडून चढवू नये, कारण टोकावर पडलेल्या वजनाने नौका डोलते, मध्यावर ती जवळजवळ स्थिर राहते. नौका घाटाला समांतर लावावी, दोन्ही टोकांचे दोर पायऱ्यांवरच्या माणसांनी धरावेत, घाटाकडच्या वल्हेकऱ्यांनी वल्ही आत घेतलेली असावीत आणि पलीकडच्यांनी ती पाण्यात आडवी टेकवून तोल धरलेला असावा. काठ पाण्यापासून ६० सेंटिमीटर वर आहे, म्हणून पायरी आणि काठ यांच्यात फळी टाकावी लागते. नदीची पातळी ऋतूनुसार बदलते, तेव्हा ही फळी ठरावीक पायरीला जखडलेली दाखवू नये. तिच्या नौकेकडच्या टोकाला दोन आकडे असावेत, ते काठावर अडकतात, आणि घाटाकडचे टोक पायरीवर मोकळे सरकते, म्हणजे नौका हलली तरी फळी निसटत नाही.

एवढे ठरले की कागदावर पाच आकृत्या कराव्यात: वरून दिसणारी मांडणी, बाजूची आकृती आणि तीन आडवे छेद. छेद पुढच्या वल्हेकऱ्यांमधून, मंडपाच्या मधून आणि सुकाणूच्या चौकीतून घ्यावेत. १:५० प्रमाणात १.६५ मीटरचा माणूस ३३ मिलिमीटरचा होतो. त्या मापाच्या पुठ्ठ्याच्या बसलेल्या आणि उभ्या बाहुल्या कापून प्रत्येक आकृतीवर ठेवून पाहाव्यात. मंडपाच्या मधल्या छेदात उभी बाहुली छताला टेकली, किंवा काठवाटेवरची बाहुली खांबाला न घासता जाईना, तर मापे बदलण्याची हीच वेळ आहे, कारण लाकूड कापल्यावर ती बदलता येत नाहीत.